टेकडीवरच्या चर्चची मापं

विठ्ठलवाडी,
रविवार संध्याकाळ

प्रिय संचू,

फोनवर धड सांगता आलं नसतं, म्हणून लिहितेय. तूही निवांत वाच.

परवा तू चिडलीस, "आई, या वयात किल्ल्यावर कसले दगडधोंडे उचलतेस?" अगं, तुझे बाबा गेल्यापासून आठ वर्षं रविवार मला खायला उठायचा. शेवटी शेजारच्या हौसाबाई मला ओढूनच घेऊन गेल्या. कोलशेतच्या पुढे, खाडीवरच्या टेकडीवर पोर्तुगिजांचा पडका किल्ला आहे. आत छप्पर नसलेलं चर्च, वेदीमागच्या भिंतीतून पिंपळ फुटलेला. दर रविवारी दहा-बारा जण तिथलं रान काढतात. पहिल्याच दिवशी मी पिंपळाचं मूळ ओढायला गेले, तर मागून एक गृहस्थ ओरडले, "अहो बाई, ओढू नका, भिंत हातात येईल!"

हे महिपतराव. शहाडला एकटेच राहतात, भूमापन खात्यातून निवृत्त झालेत. चर्चचा नकाशा काढत होते आणि टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. मी धरलं, ते दर रविवारी धरतच राहिले. काम करताना अक्षर बोलत नाहीत. पण डबे उघडले की पहिली चौकशी तुझी. बाबांबद्दल मी कितीही बोलले तरी मन लावून ऐकतात. मी आमटीत मीठ विसरले होते, तीही गुपचूप प्यायले.

गेल्या महिन्यात कमानीचा दगड निखळून त्यांच्या पायावर आला. पोरांनी चादरीची झोळी करून खाली आणलं. वाटभर मी त्यांचा हात सोडला नाही. दवाखान्यात नर्सनं विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?" माझ्या तोंडातून निघून गेलं, "घरचीच." कळवळत होते तरी हसले. म्हणाले, "विनिताबाई, आता शब्द फिरवू नका."

नाही फिरवला, संचू. पाय आता बरा आहे, काठी घेऊन चालतात. बाबांचा फोटो आहे तिथेच राहील, हे मी बोलायच्या आधी त्यांनीच सांगितलं.

पुढच्या महिन्यात बारा तारखेला आम्ही ठाण्यात नोंदणी पद्धतीनं लग्न करतोय. लोकांची मला भीती नाही, तुझी आहे. तीन साक्षीदार लागतात. हौसाबाई आणि त्यांचा पुतण्या ऋतुराज तयार आहेत. तिसऱ्यासाठी मी अजून कुणालाच विचारलेलं नाही.

तुझीच,
आई