धारोष्ण बिअर

५ जानेवारी, रविवार. सकाळी ८
नवीन वर्षाची वही पाच तारखेला उघडतोय, कारण पहिले चार दिवस निव्वळ संतापात गेले.
३१ डिसेंबरला पन्हाळा रोडच्या 'डोंगरवाट' ब्रुअरीत बिअर प्यायला गेलो होतो. ग्लासात फेस चौदा मिलिमीटर! व्हर्नियर खिशात असतोच, तिथल्या तिथं मोजला. पंचवीस पाहिजे. मॅनेजर म्हणतो, सायेब, असा नियम कुठं हाय? नियम मी केलाय. कागलच्या फाउंड्रीत एकतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. मालाला माझा रिजेक्टचा लाल टॅग लागला की अख्खी शिफ्ट गप्प व्हायची. रिटायर होऊन आठ महिने झाले, आता घरात आमटीला मीठ कमी आहे म्हटलं तरी कोणी ऐकत नाही.
संकल्प: जिल्ह्यातल्या तिन्ही ब्रुअऱ्या तपासायच्या. लेखी रिपोर्ट. दया नाही. घरात शिल्लक असलेले लाल टॅग: एकशे चाळीस.

५ जानेवारी. रात्री ८
'करवीर बिअर रसिक मंडळ' स्थापन. अध्यक्ष मी. व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली. सभासद दोन, दोघंही शाळेपासूनचे. पिराजी, सात म्हशी, ग्लासात काय आहे हे न बघता पितो. आणि अमीन, अत्तराचं दुकान. अमीन थेंबभरही पीत नाही, पण गाडी त्याची आहे आणि आम्हाला घरी तोच आणतो. फुटाणे मात्र दोन माणसांचे खातो.

१२ जानेवारी, रविवार
दुसरी ब्रुअरी, हॉटेलच्या गच्चीवरचा 'सातवा मजला'. गव्हाची बिअर मागवली. वास घेतला. काही नाही. साखर कारखान्यांचा सीझन चालू आहे, हवेत मळी, नाक काम करत नाही. अमीननं ग्लास हातभर लांब धरला आणि म्हणाला, पिकल्या केळ्याचा वास हाय, मागनं लवंग.
बिअरमध्ये केळं! टॅग लावला. मॅनेजर धावत आला. म्हणाला, गव्हाच्या बिअरला असाच वास येतो, त्येच तर करायचं असतंय. म्हणजे चूक करायची आणि वर ती मुद्दाम केली म्हणायचं. फाउंड्रीत असं कोणी बोललं असतं तर गेटबाहेर काढला असता. मी आवाज चढवला. शेजारच्या टेबलावरचं पावणं म्हणालं, काका, आमची बिअर गरम होतीया तुमच्या भांडणानं.
घरी येऊन नेटवर रिव्ह्यू टाकला. 'प्रथम पिकल्या केळ्याचा गंध, पाठोपाठ लवंग.' दोनशे बारा लाइक. माझी भाषा पहिल्यापासून चांगली आहे.

१९ जानेवारी, रविवार
मोठी बातमी. तिन्ही ब्रुअऱ्या मिळून २३ फेब्रुवारीला मेळावा घेणार. 'जिल्ह्याची बिअर' निवडणार. परीक्षक तीन: एक हॉटेलवाला, एक फूड टेक्नॉलॉजीच्या प्राध्यापिका आणि एक ग्राहक प्रतिनिधी.
ग्राहक प्रतिनिधी म्हणजे मी. दुसरं आहे कोण? अर्ज पाठवला, सोबत रिव्ह्यू आणि कार्ड. फक्त निवड करणार ब्रुअरीवालेच. ज्यांना मी टॅग लावले तेच. पण खरा माणूस कडू बोलतो हे त्यांना कळत असणार. नाही कळलं तर वरपर्यंत जाईन. वर म्हणजे कुठं ते बघावं लागेल.
त्या खुर्चीत बसायचंच. बास.

२२ जानेवारी, बुधवार
बायको संयोगिता बाहेर भाजी घेत होती, गॅसवर दूध. मी शेजारच्या खोलीत कोट इस्त्री करत होतो. दूध करपून पातेलं काळं झालं. आत आली ती ओरडतच. गल्लीच्या तोंडापर्यंत वास यायलाय आणि तुम्हास्नी पत्ता न्हाय? आणि म्हणं परीक्षक!
धुळीनं नाक बंद आहे हे चारदा सांगितलं. इस्त्रीच्या वाफेनंही बंद होतं. उगाच वाद घालते.

२ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ४
तिसरी ब्रुअरी, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीजवळची 'लोखंडी पिंप'. बनवणारी मुलगी नेसरीची, नाव क्रांती. वय अठ्ठावीस असेल. मला काका म्हणते. अध्यक्ष म्हणत नाही.
नळातून बिअर आली. मी विचारलं, हा नळ कुठून येतो? म्हणाली, मागच्या कोल्ड रूममधनं. म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर काहीच नाही! मधल्या पाइपात पाणी घातलं तर मला कसं कळणार? गंगावेशीतल्या कट्ट्यावर आपण म्हशीजवळ उभं राहून समोर धार काढून घेतो, तिथल्या तिथं पितो. कोल्हापूरच्या माणसाला दुधात पाणी खपत नाही, मग बिअरमध्ये का खपवून घ्यायचं? पिराजी तर टेबलावर हात आपटून म्हणाला, धारोष्ण पायजे! ताजं त्येच्यात ताकद असती.
मी उभा राहिलो. मोठ्यानं सांगितलं, टाकीतून समोर काढ, नाहीतर टॅग. सगळं हॉटेल बघायला लागलं. क्रांती म्हणाली, काका, ह्ये दूध न्हाय. परवा घातलंय, आजून आंबतंय. तीन आठवडं जाऊ द्यात. मी म्हणालो, लपवतेस. तिचं तोंड लाल झालं. मग आत घेऊन गेली आणि टाकीच्या तोटीतून ग्लास भरून हातात दिला.
कोमट. गढूळ. गोड. फेस एकतीस मिलिमीटर!! आयुष्यात अशी बिअर प्यालो नव्हतो. पिराजीनं दोन ग्लास ओढले. अमीननं नाक जवळ नेलं आणि लगेच मागं घेतलं. म्हणाला, आंबलेल्या पिठाचा वास हाय विजू. कच्चं हाय त्ये.
अमीनला बिअरमधलं काय कळतं? पीत तर नाही.

२ फेब्रुवारी. संध्याकाळी ७
पोट जरा बिघडलंय. फुटाण्यांमुळे.
मेळाव्याच्या समितीला पत्र लिहिलं: तिथं प्रत्येक बिअर टाकीतून समोर काढूनच द्यावी. परवा सकाळी दहाला अमीनच्या गल्लीतल्याच हॉलमध्ये त्यांची बैठक आहे. तिथं धारोष्ण बिअर सगळ्यांना पाजून दाखवणार. एकदा चव घेतली की खुर्ची माझी.

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ११
पिराजीच्या मोटरसायकलवरून कागलला जाऊन आलो. त्याची पाच लिटरची दुधाची किटली नेली होती. क्रांती द्यायला तयार नव्हती. तासभर तिथंच बसून राहिलो, शेवटी वैतागून दिली. वर सल्ला, झाकण घट्ट लावू नका, जागा ठेवा, फ्रिजमधी ठेवा. मुलीला कोल्हापूरचे स्पीडब्रेकर माहीत नाहीत. ढिल्या झाकणानं पहिल्याच गल्लीत थोडी सांडली. मग नवीन रबर घातलं, झाकण ठोकून बसवलं, वरून तारेचे चार वेढे. उलटी करून बघितली. थेंब नाही. लीक टेस्ट पास.
घरी ठेवता येत नाही. संयोगिताचं आज हळदीकुंकू, पन्नास बायका. किटली बघून म्हणाली, ह्यातलं काय बी घरात आलं तर मी भाईर.
बैठक अमीनच्या दुकानापासून चार पावलांवर. तिथं ठेवली. बिअर म्हणालो असतो तर त्यानं दुकानात घेतली नसती, आणि ते त्याचं बरोबर आहे. म्हणून दूध आहे म्हणालो. पिराजीचं, उद्या एकाला द्यायचंय. एका दिवसाचा तर प्रश्न.
अमीननं विचारलं, दूधच हाय न्हवं? व्हय म्हणालो. किटलीकडं बघत त्यानं परत विचारलं, दूधच? मला राग आला. पन्नास वर्षांचा मित्र आणि शब्दावर विश्वास नाही! तसं बोललोही. मग त्यानं काउंटरखाली जागा करून दिली.

३ फेब्रुवारी. संध्याकाळी ६
चार वाजता किटली फुटली.
झाकण छताला लागलं. काउंटरची काच गेली. रमजानसाठी आणलेले रिकाम्या बाटल्यांचे आणि डब्यांचे खोके भिजले. अमीनला लागलं नाही, तो पुढं गिऱ्हाइकाला गुलाब दाखवत होता. गिऱ्हाईक पळालं.
याला जबाबदार: १) क्रांती. अर्धवट माल देते. २) पिराजीची किटली. झाकणाची जाडी मी आधी मोजायला हवी होती, पण व्हर्नियर दुसऱ्या कोटात होता. ३) रबर. ४) ऊन. फेब्रुवारीत एवढं ऊन असतं का?
अमीनला म्हणालो, दूध नासलं वाटतं. तो फडक्यानं फरशी पुसत होता. त्यानं फडका बादलीत पिळला.

४ फेब्रुवारी, मंगळवार
बैठकीत रिकाम्या हातानं भाषण केलं. वीस मिनिटं. हॉटेलवाल्यानं मध्येच चहा मागवला.
येताना अमीनचं दुकान बंद. शेजारचा सांगत होता, आत आंबूस वास कोंदलाय, तो जाईपर्यंत अत्तर काय विकणार? तीन-चार दिवस तरी दारं उघडी टाकून धुवायला लागणार.
पुसून झालं की वास जातो. उगाच वाढवून सांगतात लोक.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
'अमीन लेफ्ट.' मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एवढंच आलं. कारण नाही, निरोप नाही. मंडळाच्या घटनेप्रमाणे महिन्याची नोटीस द्यायला लागते. घटना अजून लिहायची आहे, पण हे कलम असणारच.
सहा फोन केले. उचलत नाही. ठीक आहे. मीही करणार नाही.
आठवा केला. नाही उचलला.

१५ फेब्रुवारी, शनिवार
पत्र आलं!! ग्राहक प्रतिनिधी म्हणून माझी निवड. 'आपल्या रिव्ह्यूमधील गंधाचे बारकावे आम्हाला विशेष वाटले.' संयोगिताला वाचून दाखवलं. ती म्हणाली, गंधाचं? परत वाचा. परत वाचलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ आतून हसण्याचा आवाज येत होता.
पिराजीला सांगितलं. तो म्हणाला, लई भारी, पण अमीन न्हाय तर तू वास कशानं घेणार? फोन कट केला. मूर्ख माणूस. किटलीचं झाकण त्याचंच.

२३ फेब्रुवारी, रविवार. रात्री ८
सगळं सांगून टाकतो, ही वही कोणी वाचत नाही.
सहा ग्लास, नुसते नंबर. रकाने चार: रंग, फेस, वास, चव. फेस व्हर्नियरनं मोजायला घेतला. चौथ्या ग्लासापर्यंत पोचलो तोवर पाचव्या-सहाव्याचा फेस बसून गेला होता. ते माझ्यावर ढकलतात.
वास. पहिला ग्लास, काही नाही. दुसरा, काही नाही. सगळे सारखे. नाक आत बुडेपर्यंत घेतले, मिशी ओली झाली. मंडपात धूळ होती हे लिहून ठेवतो. शेवटी पाच नंबरला 'केळं, पाठोपाठ लवंग' लिहिलं. तो काळा होता. प्राध्यापिका मॅडमनी माझ्या कागदाकडं बघितलं, मग ग्लासाकडं. म्हणाल्या, परत एकदा घ्या ना. परत घेतला. केळंच, म्हणालो. जोरात म्हणालो. माघार घेतो तो इन्स्पेक्टर कसला?
क्रांती पुढंच उभी होती. पाच नंबर तिचा. हळूच म्हणाली, कॉफी हाय काका त्यात. पूर्ण मंडप कॉफीनं घमघमायलाय.
मला वाटलं आता ती ओरडणार. तिच्या ब्रुअरीत मी ओरडलो होतो तशी. तिचा हक्क होता. पण तिनं मागं-पुढं बघितलं आणि विचारलं, अमीनभाई न्हाय आले व्हय?
प्राध्यापिका मॅडमनी माझे वासाचे मार्क बाजूला काढून बेरीज केली. सर्वांसमोर. बिअर जिंकली ती सातव्या मजल्याची, गव्हाची. जिला मी टॅग लावला होता.
खुर्ची प्लास्टिकची होती. तीही हलत होती.

२४ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी
अमीनच्या दुकानात गेलो. रमजान आठवड्यावर, गर्दी होती. ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. नवी काच बसवलीय. वीस मिनिटं कोपऱ्यात उभा राहिलो.
मनात दोन पानी भाषण तयार होतं. रबर, ऊन, क्रांती, सगळ्यांचा वाटा काढून ठेवला होता. तोंडातून एवढंच आलं, ते दूध नव्हतं अमीन. बिअर होती.
त्यानं बाटलीला बूच लावलं. म्हणाला, ठेवलीस तवाच कळलं हुतं. किटलीवर सांडलेलं वाळलं हुतं की. दोनदा विचारलं तुला. सांजपतोर येऊन सांगशील म्हनून थांबलो.
चारला फुटली. सांजेला दोन तास होते. त्या दोन तासांत मी सांगायला येणार नव्हतो, हे मला माहीत आहे.
त्यानं माझा हात ओढला, मनगटावर कसलं तरी अत्तर लावलं आणि विचारलं, सांग, काय हाय?
हात नाकाशी नेला. बराच वेळ धरला. केवडा म्हणावं, हिना म्हणावं, दोन्ही नावं ओठांवर होती. वास येत नाही, म्हणालो. फाउंड्रीत असल्यापासूनच येत नाही.
ठाऊक हाय, म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला.
मी शेजारच्या स्टुलावर बसलो. ऊठ म्हणाला नाही.