'नाही'च्या रकान्यातली बावीस माणसे

मी, वेंडेल राय होकन्सन, वय वर्षे बासष्ट, राहणार एल्क फोर्क, नेब्रास्का. आधी सैन्याच्या वाहतूक तुकडीत सार्जंट, नंतर एकोणीस वर्षे धान्याच्या ट्रकांचा मेकॅनिक. हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. कोणी माझा हात धरलेला नाही. वकील म्हणाला, 'पूर्ण शुद्धीत' असे लिही. लिहितो. पण ज्याची वीस वर्षांत एकही झोप धड झालेली नाही, त्याची शुद्ध कितपत पूर्ण असणार, हे वाचणाऱ्याने ठरवावे. येत्या सोमवारी ओमाहाला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. झोपेत श्वास अडकून अडकून ते थकले, असे डॉक्टरीणबाई म्हणतात. टेबलावरून जिवंत उठलो तर हा कागद मीच फाडीन. फक्त पाचवे कलम फाडणार नाही.

कलम एक. राहते घर, बँकेतली शिल्लक आणि घरातले सगळे सामान माझी पत्नी मार्डेल हिचे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. तशीही या घरात अंमलबजावणी तिचीच असते. आम्ही अकरा वर्षे वेगवेगळ्या खोल्यांत झोपलो ते भांडणामुळे नव्हे, माझ्या घोरण्यामुळे, हे गावाला एकदाचे कळू दे. सुरुवातीला ती जागी राहून माझा श्वास ऐकत बसायची. एका सकाळी गाडी चालवताना तिचा डोळा लागला आणि गाडी खड्ड्यात गेली. त्या दिवशी मीच तिची उशी पलीकडच्या खोलीत नेऊन ठेवली. ती रडली. मीही रडलो, पण गॅरेजमध्ये जाऊन.

कलम दोन. माझी सगळी हत्यारे धान्य सोसायटीच्या वर्कशॉपला. अर्ध्या इंचाचा सॉकेट पेटीत नाही. ज्याने नेला त्याला माहीत आहे. निदान मी मेल्यावर तरी आणून ठेव रे बाबा.

कलम तीन. माझा मेहुणा गेलन याने सात वर्षांपूर्वी भरल्या ताटावर, सगळ्यांदेखत विचारले होते, "काय हो दाजी, आता घोरण्याचेपण पैसे देतं का सरकार? मग माझ्या बायकोचा अर्ज आणू का?" सगळे हसले. मार्डेल उठून स्वयंपाकघरात गेली. गेलन, तुझ्यासाठी एक ध्वनिमुद्रण ठेवले आहे. मार्डेलने माझ्या उशाशी फोन ठेवून केलेले, चाळीस मिनिटांचे. दिवसाउजेडी खुर्चीत बसून पूर्ण ऐक. घोरण्यावर हसायचे तेवढे हस. मधे मधे जे काहीच ऐकू येत नाही, तिथे माझा श्वास थांबलेला आहे. तिथे काय करायचे ते तुझे तू बघ.

कलम चार. झोपताना लावायचे श्वासाचे मशीन, नळी आणि मास्क. हे कोणाला द्यायचे नाही. दुसऱ्याच्या तोंडचे मास्क कोण लावणार? पण मशीनबद्दल एक कबुली आहे. रोज चार तास वापरले नाही तर ते परत घेतात, आणि तास मशीन स्वतःच कळवते. मला ते लावून आडवे होता येत नाही. पट्टा आवळला की विषारी वायूच्या सरावाचा तंबू आठवतो आणि मी ओरबाडून काढतो. म्हणून पहिले वर्षभर मी खुर्चीत बसून, फुटबॉल बघत, मास्क लावून तास भरले. माझा आकडा बघून दवाखान्यातली मुलगी म्हणायची, "शाब्बास, मिस्टर होकन्सन!" शाब्बास कसली डोंबलाची! जागेपणी मी व्यवस्थितच श्वास घेतो.

कलम पाच. हे कलम वेगळ्या प्रतिज्ञापत्रावर लिही, मृत्युपत्रात नको, असे वकील म्हणाला. तिथेही लिहिले आहे. पण वेगळा कागद मी आधी एकदा लिहिला होता आणि त्यात अर्धेच लिहिले होते. म्हणून इथे पूर्ण लिहितो. मरणाच्या कागदावर खोटे लिहायला मी अजून तेवढा निर्ढावलेलो नाही.

ड्युएन सोबोत्का माझ्या तुकडीत ड्रायव्हर होता. इराकमध्ये अकरा महिने त्याची खाट माझ्या खाटेला लागून होती. तिथे जाण्याआधी तो झोपेत घोरत नव्हता. त्या धुळीत आणि जळत्या कचऱ्याच्या धुरात सुरू झाले. तो घोरायला लागला की तंबूतून त्याच्यावर बूट पडायचे, आणि सकाळी सगळे आपापले बूट त्याच्या खाटेखालून गोळा करायचे. "नाष्ट्याआधी बाजार भरला रे माझ्या दारात!" असे तोच ओरडायचा. पण मला शेजारून वेगळे ऐकू यायचे. घोरणे एकदम थांबायचे. मी आकडे मोजायचो. कधी पंधरा, कधी वीस. मग मी त्याचा पाय ओढायचो आणि तो बुडता माणूस वर यावा तसा श्वास घ्यायचा. हे मी माझ्या कानांनी ऐकले आहे, एकदा नव्हे, शेकडो वेळा.

नोव्हेंबर दोन हजार चारमध्ये आम्ही परतलो. घरी सोडण्याआधी छावणीच्या व्यायामशाळेत टेबले मांडून आरोग्याचे फॉर्म भरून घेतले. प्रत्येक प्रश्नापुढे दोन रकाने, 'हो' आणि 'नाही'. एक जरी 'हो' लिहिले तरी पुढच्या तपासणीसाठी आठ-दहा दिवस अडकवून ठेवत, हे सगळ्यांना ठाऊक होते. गुरुवारी थँक्सगिव्हिंगचा सण होता. ड्युएन झोपेच्या प्रश्नावर थांबला.

"सार्जंट, मी रात्री गुदमरतो, ते लिहू ना?"

मी म्हणालो, "घरी जायचंय की इथं डॉक्टरांच्या रांगेत उभं राहून टर्की खायचीय?"

"घरी! माझ्या आयरीननं जॅमची कोलाची भाजायला घेतली असतील."

"मग 'नाही' लिही. आणि ऐका रे सगळे! वरपासून खालपर्यंत सगळीकडे 'नाही'. बावीसच्या बावीस. कोणी शहाणपणा करायचा नाही."

हशा पिकला. बावीस पेने एकदम चालली. ड्युएनचा फॉर्म मी स्वतः तपासला आणि म्हणालो, "शाब्बास." गुरुवारी आम्ही सगळे घरी होतो. मला वाटले होते, मी माझ्या पोरांसाठी फार मोठे काम केले.

दहा वर्षांनी ड्युएनने सेवेत जडलेल्या आजाराच्या भरपाईसाठी सरकारकडे दावा केला, तेव्हा तो फॉर्म आडवा आला. त्याने मागितले तेव्हा मी साक्षीचे पत्र लिहून दिले, की तो गुदमरायचा. उत्तर आले, की मग परतताना त्याने स्वतःच्या हाताने 'नाही' का लिहिले? त्याचे उत्तर माझ्याकडे होते. मी दिले नाही. माझा स्वतःचा दावा तेव्हा तिथेच पडून होता. माणसांना खोटे लिहायला लावणारा सार्जंट म्हणून नाव लागले, तर माझेही बुडेल आणि मार्डेलच्या हाती काही उरणार नाही, अशी भीती वाटली. आणि लाज वाटली. भीतीपेक्षा लाजच जास्त.

दावा फेटाळल्यावर ड्युएनने उपचारांचा नादच सोडला. "मला तर काही झालंच नव्हतं, कागदावर आहे. मग मशीन कशाला लावू?" असे म्हणून हसायचा. माझे नाव त्याने कधी काढले नाही. दोन हजार एकवीसच्या फेब्रुवारीत तो झोपेतच गेला. आयरीनने विधवेच्या निवृत्तिवेतनासाठी अर्ज केला, त्यालाही तोच 'नाही' आडवा आला. तिचे अपील अजून चालू आहे.

म्हणून मी साक्षीदारांसमोर लिहून देतो: ड्युएन सोबोत्काच्या फॉर्मवरचा 'नाही' हा माझा हुकूम होता. तो खोटा होता. मला ते माहीत होते. या कलमाची प्रत माझ्या मरणाची वाट न बघता या शुक्रवारीच अपिलासाठी पाठवली जावी. माझ्या दाव्याचे जे व्हायचे ते होवो. मार्डेलला मी विचारले. ती म्हणाली, "हे दहा वर्षांपूर्वी विचारायचं होतंस." एवढेच म्हणाली आणि पाकिटावर तिकीट लावले.

कलम सहा. ~~माझा पिकअप ट्रक श्रीमती आयरीन सोबोत्का यांना द्यावा.~~ हे कलम खोडले आहे; सही केली आहे. कारण असे.

मंगळवारी दुपारी मी हा मसुदा घेऊन आयरीनकडे गेलो. तिने कॉफी ओतली आणि कोलाचीची बशी पुढे ठेवली. मी पाचवे कलम वाचून दाखवले. तिने कॉफीचा कप बाजूला सारला. मग म्हणाली, "परत वाच. टेबलांपासून."

मी परत वाचले.

"त्यानं पेन थांबवलं होतं?" तिने विचारले.

"हो."

"तुला विचारलं होतं?"

"हो, आयरीन."

"आणि मी त्याला घालूनपाडून बोलले रे! ते पत्र आलं त्या दिवशी. 'मूर्खा, स्वतःच्या हातानं लिहून दिलंस,' म्हटलं. थडग्यावर फुलं ठेवताना दर वेळी तेच म्हटलं. चार वर्षं." मग ती ओरडली, "एकदा तरी सांगायचंस, वेंडेल! माझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी तरी! तो माझ्या शिव्या खात राहिला आणि तुझं नाव गिळून बसला!"

मी माफी मागितली. तिने ती दिली नाही, आणि तिने दिली असे मी इथे लिहिणार नाही. मी सहावे कलम पुढे केले. ते वाचून तिने चष्मा काढला.

"ट्रक घेतला तर मला यावर साक्षीदार म्हणून सही करता येईल?"

"वकील म्हणतो, ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदाराची सही करू नये."

"मग खोड ते."

मी खोडले. तिने बशी उचलून ठेवली. त्यातले मी एकही खाल्ले नव्हते.

बाकी काही उरत असेल तर ते मार्डेलचे. माझ्या अंत्यविधीला कोणी 'शांत झोपला' असे म्हणू नये.

वर लिहिलेले सर्व मी पुन्हा वाचले. ते खरे आहे. साक्षीदारांदेखत सही करतो.

(सही) वेंडेल राय होकन्सन

स्थळ: एल्क फोर्क, नेब्रास्का
तारीख: १६ ऑक्टोबर २०२५, गुरुवार

साक्षीदार पहिला: (सही) नॉर्बर्ट व्राना, ड्रायव्हर, तीच तुकडी. त्या दिवशी मी व्यायामशाळेत होतो. सार्जंट म्हणाला तसेच मीही लिहिले.

साक्षीदार दुसरी: (सही) आयरीन सोबोत्का, ड्युएनची पत्नी. या मृत्युपत्रातून मला काहीही मिळत नाही. इथून मी थेट दफनभूमीत जाणार आहे. त्याला सांगायचे आहे.