ज्याने झाडले त्याचा मोह

प्रथम एक तक्रार. वैद्यबुवांनी पौषापासून माझी मिरची बंद केली आहे. खानदेशात जन्मलेल्या माणसाने फिक्या भाजीवर मरावे, ह्या अन्यायाची दाद मागायला कोर्ट नाही, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

मी, दोधू तुळशीराम पाटील, वय बावन्न, धंदा शेती, राहणार मौजे धानोरा, तालुका नंदुरबार, छाती थकली तरी अक्कल ठिकाणावर असताना, कोणाच्या धाकाने वा भिडेने नव्हे, हे मृत्युपत्र लिहितो.

वडिलोपार्जित घर व गावाजवळची जमीन चिरंजीव हिंमतराव यास वारसाने जाईलच. मी दिली असे मिरवण्याची सोय कायद्याने ठेवलेली नाही. पेटीतली शिल्लक पत्नी भिकुबाई हिची. तिने जन्मभर माझी बडबड ऐकली. मेहनताना खरे तर ह्याहून जास्त होतो.

माझा कंदील जंगलाच्या नाकेदारास द्यावा. बाईच्या डोईवरची मोळी त्याला कोसावरून दिसते. ठेकेदाराच्या सागाने भरलेल्या गाड्या समोरून गेल्या तरी दिसत नाहीत. काच पुसून द्यावी.

जंगलालगतचे, मी स्वकष्टाने घेतलेले शेतही हिंमतरावास देतो. फक्त बांधावरचा मोह वगळून. कारण सांगतो. मोहाखालचा पाला जाळून जो जागा झाडतो, फुले त्याची, ही इथल्या भिलांची रीत. पाड्यावरच्या नवलसिंग भिलाची अशी झाडे त्याच्या बापापासून होती. सरकारने जंगल राखीव केले, हद्दीचे दगडी बुरूज रचले, झाडे आत गेली. हक्क नोंदवायला आलेल्या कारकुनाने पुरावा मागितला. नवलसिंग म्हणाला, "भाऊसाहेब, झाड तठेच उभं शे. मी कोठे लपाडं?" कारकून हसला. लिहिले मात्र काही नाही.

पुढच्या चैत्रात त्याने नेहमीसारखा पाला जाळला आणि जंगलाला आग लावली म्हणून तुरुंगात गेला. मग कोणी पाला जाळीना. तो साचत गेला, आणि एका उन्हाळ्यात अख्खा डोंगर पेटला. नाकेदार विझवायला माणसे बोलवायला गेला, तर पाडा अर्धा रिकामा. माणसे सुरतेकडे मजुरीला. नवलसिंग तिकडेच तापाने गेला. जंगल गेले, राखणारे गेले. बुरूज तेवढे शाबूत आहेत.

त्याची बायको कमलीबाई आता माझ्या बांधावरच्या मोहाखाली झाडते. आषाढात तिच्या चुलीवर त्या वाळल्या फुलांवाचून दुसरे काही शिजत नाही. हिंमतराव म्हणतो, "आबा, सावलीखाले ज्वारी मरी जास. तोडी टाकूत." ज्वारी मरते हे खरे. तरी झाड तोडू नये. फुले कमलीबाईची, तिच्यामागे तिच्या लेकीची. तोडल्यास शेत भिकुबाईचे होईल, आणि ती कोणाच्या बाजूची आहे हे हिंमतरावास ठाऊक आहे.

एका झाडाने डोंगर परत येत नाही, हे मलाही कळते.

मुक्काम धानोरा, तारीख ९ फेब्रुवारी १९३४.
सही: दोधू तुळशीराम पाटील
साक्षीदार: युसुफ नजीर मणियार, नंदुरबार (सही)
सुपडू लहानू सुतार, कोरीट (अंगठा)

सह्या झाल्यावर लिहिलेले: गेल्या चैत्रात कमलीबाई माझा वाटा म्हणून फुले घेऊन आली, ती टोपली आमच्याकडेच राहिली होती. बांबूही आता राखीव आहे, तिला दुसरी टोपली विणणे सोपे नाही. मृत्युपत्रात घालण्याजोगी वस्तू नव्हे. म्हणून ज्वारी भरून आजच पाठवली.