सातव्या रिळातला जोड

३ मार्च, सोमवार

साहेबांनी लेखी खुलासा मागितला आहे, शुक्रवारपर्यंत. म्हणून ही वही. खुलाशात काय लिहायचं ते ठरेपर्यंत खरं काय झालं ते कुठेतरी उतरवून ठेवायला हवं.

दातांची एक डॉक्टर चार महिने आमच्या चित्रपट-संग्रहालयाला पत्रं लिहीत होती. ती आठ महिन्यांची असताना तिची आई गेली. आईने जन्मात एकाच चित्रपटात काम केलं – 'तुझ्यामागे'. प्रेमकथा. डॉक्टरला आईचा आवाज ऐकायचा होता, एवढंच. आज तिच्यासाठी छोट्या हॉलमध्ये रिळं लावली – आणि पडद्यावर रेनकोटातला माणूस, हातात सुरा! थरारपट. नाव तेच, 'तुझ्यामागे'. तिसऱ्या रिळात पहिला खून पडला तशी ती उठली. ह्यात आई कुठली असणार, म्हणाली.

जाताना दारात थांबून मला विचारते, झोपेत दात खाता का? झिजलेत. वर हसली. हिचा स्वतःचा पुढचा दात शेजारच्या दातावर चढलेला! तो मात्र तसाच ठेवलाय.

४ मार्च

साहेबांचं मत – डिंक्याने डबे बदलले. डिंक्या म्हणजे आमचा रिळं जोडणारा. बोटं कायम चिकट. दोन महिन्यांत निवृत्त होतोय. जाता जाता एक मेमो मिळाला तर त्याचं काय बिघडतंय, म्हणे.

कार्डांचं कपाट माझ्या ताब्यात, तरी मी मान डोलावली. मी!

५ मार्च

सकाळपासून हातात काही टिकत नाही. तीनदा कपाट उघडलं, तीनदा लावलं. शेवटी निकालात काढलेल्या चित्रपटांची नोंदवही घेतली. एकवीस वर्षांपूर्वीचं पान. 'तुझ्यामागे – दुसरी प्रत. जागेअभावी निकाली.' खाली सही. माझी, ठसठशीत.

नियमही माझाच – एका नावाचं एक कार्ड. त्या नावाचं दुसरं कार्ड सापडलं, मी ती दुसरी प्रत धरली. साल पाहिलं नाही. डबा उघडला नाही. ती प्रत नव्हतीच, दुसरा चित्रपट होता. थरारपटाच्या प्रती इतर चार ठिकाणी आहेत. प्रेमकथेची कुठेच नाही.

शब्द तरी कसला! सुरा घेऊन लागतो तोही तुझ्यामागे. पाठीशी उभं राहतं तेही तुझ्यामागे. आणि माणूस गेल्यावर जे उरतं, तेसुद्धा.

६ मार्च

खुलाशाचा मसुदा केला. 'लेबलांची सरमिसळ झाल्याचे दिसून येते.' कर्ता नाही. कॉलेजात आमचे सर असल्या वाक्याखाली लाल रेघ मारत आणि समासात लिहीत – कोणी केलं?

फाडला.

बसवेना, म्हणून डिंक्याला उरलेली रिळं लावायला सांगितली. सातव्यात नायिका जिन्यावरून जीव घेऊन पळते. मागे बूट वाजतात. एक झटका बसतो – आणि जिना बदलतो. हा लाकडी, वर खिडकी, ऊन. एक माणूस उलटं टेबल डोक्यावर घेऊन चढतोय, आणि टेबलाचे मागचे दोन पाय धरून एक बाई. धापा टाकत हसते आहे. "तू पुढे हो बघू," ती म्हणते, "मी आहे तुझ्यामागे." आणखी तीन-चार वाक्यं, भिंतीवरचा पोपडा, टेबल कोपऱ्यात अडकतं. पुन्हा झटका. परत बूट.

तिचा पुढचा दात शेजारच्या दातावर चढलेला.

चार वेळा मागे घ्यायला लावलं. डिंक्याला विचारलं, हे इथे कसं आलं. तो शांतपणे म्हणाला, फाटलं होतं. "तुम्हीच म्हणालात ना बाई, दुसरी प्रत आहे. मग टाकायच्या आधी तिच्यातला तुकडा काढून घेतला. तिथेही जिना, इथेही जिना. जुळला."

"आणि बाई निराळी दिसली नाही तुला?"

"मी जोड बघतो, बाई. गोष्ट नाही."

मी निकालात काढलेल्यातलं एवढंच एकवीस वर्षं त्याच्या जोडामुळे जिवंत राहिलं. साहेब त्यालाच मेमो देणार.

७ मार्च, शुक्रवार

डॉक्टरला तीनदा ऐकवलं. पहिल्यांदा तिने डोळे मिटून घेतले होते. शेवटी म्हणाली, "आवाज जाड आहे. माझ्यासारखा." आणि जिभेने दात चाचपला.

मग डिंक्याने कात्री घेतली, दिवा मी धरला. संग्रहातली फिल्म कापायला मनाई आहे, तो नियम माझा. निकालात निघालेली वस्तू संग्रहाची उरत नाही, हाही माझाच.

सोपवलं ते असं –

डॉक्टरला: फिल्म, एक मिनिट अकरा सेकंद, आवाजासह, गोल डब्यात. पोच घेतली.

डिंक्याला: दोन नवी कोरी कार्डं, एकाच नावाची, साल आधी लिहिलेली. त्याने ती कपाटात लावली.

साहेबांना: कार्डांच्या कपाटाची किल्ली, मागितली नव्हती तरी. आणि खुलासा, एक पान. पहिला शब्द – मी.