बरणीतली वीज

३ जानेवारी १९३४, सोलापूर
मातीतले जंतू धातूच्या पट्टीवर थर धरतात आणि वीज देतात, असं एका इंग्रजी मासिकात वाचलं. सायन्स शिकवणाऱ्याने हे करून पाहायलाच हवं. बरणी, एक तांब्याची पट्टी, एक जस्ताची, वीज आली की काटा हलवणारा शाळेचा गॅल्व्हानोमीटर. संकल्प: संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत टॉर्चचा बल्ब पेटवणे.
माती माझ्या बायकोच्या, हेमावतीच्या समाधीजवळची. तिथली माती ओलसर असते म्हणून. तिला अंधाराची भीती वाटायची, त्याचा याच्याशी संबंध नाही.

४ जानेवारी
काटा हलला!
धाकटी बहीण चंद्रव्वा म्हणाली, "अण्णा, समाधीची माती घरात कोण आणतंय? वैनीला तितं बी निवांत बसू देईना की तू." आमच्या लिंगायतांत मृताला बसवूनच पुरतात, त्यामुळे मी बरणी हलणार नाही अशी नीट बसवली.

८ जानेवारी
पट्टीवर बुळबुळीत थर आला. जंतूंना अन्न म्हणून गूळ घातला. हेमावतीला गूळ आवडायचा, हा योगायोग.
प्रामाणिकपणे लिहितो: खात्री करायची तर ही माती उकळून, जंतू मारून पुन्हा पाहायला हवं. तरीही काटा हलला, तर वीज नुसत्या तांब्या-जस्ताची. उद्या उकळतो.

९ जानेवारी
सरपण ओलं. राहिलं.

१४ जानेवारी
जत्रा. अशा दिवशी कोण माती उकळतं? बल्ब पेटला नाही.
मी खोलीत पाऊल टाकलं की काटा थरथरतो. जमिनीची फरशी सैल आहे. तरी चपला बाहेर काढून, हळू "आलो" म्हणून आत जातो.

१७ जानेवारी
चंद्रव्वा बरणीसमोर दिवा लावते. विचारलं तर म्हणाली, "तुझ्या जंतूंना दिसाया नको व्हय?" अंधश्रद्धा. दिवा विझत आला तेव्हा मीच तेल घातलं.

२१ जानेवारी
मनाला फसवतोय का? आज उकळली. चंद्रव्वा चुलीपाशी उभी होती. "लई उकळू नको की, अण्णा."
गार झाल्यावर पट्ट्या घासून पुन्हा बसवल्या. काटा होता तिथंच आला. जरासुद्धा कमी नाही.
चंद्रव्वाने विचारलं, "म्हंजे वैनी न्हाय त्यात?"
नाही, म्हणालो. इतके दिवस मला हसणारी ती, रडायला लागली.

२२ जानेवारी
माती होती तिथं नेऊन पसरली. वर गुळाचा खडा ठेवला. मुंग्यांसाठी.