तीनदा विचारलं

ता. ४ मार्च

चि. छकुलीस, अ. उ. आ.

न्यायाधीश झालीस तरी मला छकुलीच. नव्या कायद्याने आमच्या गावसभेचा निवाडा तुमचं कोर्ट मान्य करू शकतं, म्हणून पहिलाच निवाडा तुझ्याकडे धाडलाय. लोहाराने भांडणात विणकरणीला ढकललं, तिचं मनगट मोडलं. हात बरा होईपर्यंत त्याने तिच्या घरी राबायचं, असं ठरलं. रिवाजाप्रमाणे सभेची प्रमुख म्हणून मी तिला, हे मान्य आहे का, असं तीनदा विचारलं. ती गप्प राहिली, आणि आमच्यात गप्प म्हणजे होकार. तुम्ही मान्य केलंत तर लोहाराचा तुरुंग टळेल, त्याचं घर उघड्यावर पडणार नाही. चष्मा लावत जा.

माया आहेच, आटू देऊ नकोस.
तुझी आत्या

ता. १२ मार्च

ती. आत्यास, सा. न.

रागावू नकोस. आत्याचा निवाडा भाचीने तपासायचा नसतो, म्हणून फाइल शेजारच्या न्यायाधीशबाईंकडे दिली. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं, विणकरीणबाईंना खुर्ची दिली आणि विचारलं. त्या म्हणाल्या, की तो माणूस घरात नकोच, त्याची चाहूल लागली तरी धडकी भरते. पण अख्ख्या गावासमोर नाही म्हणायला जीभ रेटली नाही. निवाडा परत येतोय. तरी न्यायाधीशबाईंना तुमच्या निवाड्याचं कौतुक फार. आमची शिक्षा मोडलेल्या हाताकडे बघतच नाही, तुमची बघते, असं म्हणाल्या. माझी तर मान ताठ झाली गं. फक्त विणकरणीला पुन्हा विचार, एकटीला.

आशीर्वादाचा हात राहू दे.
तुझी छकुली

ता. २६ मार्च

चि. छकुलीस, अ. उ. आ.

पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. दोन दिवस तुझं नाव टाकलं होतं. मग गेले विणकरणीकडे, एकटीला विचारलं, आणि तिच्या म्हणण्याने नवा निवाडा ठरला. घरकामाला तिची बहीण येईल, तिची मजुरी लोहार देईल, पण उंबरठा ओलांडणार नाही. आणि ती घसरली असं जे तो सांगत फिरतो, ते खोटं आहे हे त्याने सगळ्यांसमोर कबूल करायचं. त्याने केलं, मान खाली घालून. तुमच्या बाईंनीही यावेळी मान्यता दिली. भारी बाई आहे हं!

मग मी सभेत जाहीर केलं, की यापुढे गप्प म्हणजे होकार नाही. आणि एवढं चुकल्यावर मी या खुर्चीत बसावं का, असं तीनदा विचारलं. सगळे चिडीचूप. जुना रिवाज असता तर खुशाल बसले असते. आता उभीच राहिले, गुडघे बोंबलत होते. शेवटी मागून विणकरीण मोठ्याने म्हणाली, की बसा. तेव्हा कुठे टेकले.

राग गेलाय, जीव आहे तिथेच आहे.
तुझी आत्या