कापड घ्यायचं न्हाय

आई, काल जळोचीहून मामाचा मुलगा आला होता. तुझ्या माहेरच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर तुझं नाव अजून तसंच आहे म्हणे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, मामा गेला, आबा गेले, आणि नाव मात्र तलाठ्याच्या दप्तरात ठाण मांडून बसलंय. आता तिथं गुंठ्यागुंठ्याला गिऱ्हाईक आहे. तेव्हा ते नाव काढायला तुझी वारस म्हणून माझी सही पाहिजे. "ताई, तुमचं काय म्हणणं नसंल तर..." एवढं बोलून तो कपातल्या चहाकडे बघत राहिला. माझं काय म्हणणं असणार? आज बारामतीत जाऊन हक्कसोडीच्या कागदावर सही करून आले, आणि घरी आल्यापासून लिहायला बसले आहे. शाळेत मुलांना पत्रलेखन शिकवताना मी मायना, विषय, सगळं चोख लिहून घेते. तुला लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले, कारण तुला वाचता येत नव्हतं. तेव्हा वाचू नकोस, नुसती ऐक.

मी तेव्हा अकरावीत होते. बारावी झाली की डी.एड. करून मास्तरीण व्हायचं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं, आणि फी, हॉस्टेल, पुस्तकं यांचा आकडा आबा कुठून तरी विचारून आले होते. त्या दिवशी ते धड जेवले नाहीत. आबा कारखान्यात हंगामी कामगार. गाळप संपलं की पुढचे सहा महिने घरीच. सणसरला आपलं रान थोडकंच, पण खायला पुरायचं. ज्वारी घरची, डाळ घरची, दूध घरचं. "प्वाटाला घरचं हाय, आंगाला तेवढं बाजाराचं लागतंय," तू म्हणालीस आणि लगेच निकालही देऊन टाकलास, "मग वरीसभर कापडाचा बाजार बंद." मला हसूच आलं. कपड्यांत वाचून वाचणार किती? पण तू बोटांवर मोजत गेलीस. पाडवा, पंचमी, दिवाळी, गावची जत्रा, आणि मग लग्नसराईतले आहेर. आपलं घर अख्ख्या सोयऱ्यांना टॉवेल-टोपी आणि साड्या वाटत फिरतंय हे मला तोवर कधी दिसलंच नव्हतं.

पाडव्याच्या सकाळी तू देवाऱ्यापुढं भंडाऱ्याची वाटी ठेवलीस आणि आम्हा दोघांना बोलावलंस. आबा वैतागले. "आगं, कापडापायी देवाला कशाला मधी घालती?" तू म्हणालीस, "मधी देव आसला म्हंजी मन फिरत न्हाय." मग तू हळदीची चिमूट उचललीस, कपाळाला लावलीस आणि म्हणालीस, "देवा, आजपून वरीसभर आमच्या घरात कापड घ्यायचं न्हाय." आम्हीही तुझ्यामागं भंडारा उचलला. 'इकत' हा एक शब्द तुझ्या तोंडून राहून गेला. त्या वेळी ते कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. बाजारातून पैसे मोजून आणायचं तेच घेणं, दुसरं कुठलं घेणं आमच्या मनातही नव्हतं.

पहिली पंचाईत आबांचीच झाली. पावसाळ्यात त्यांना कारखान्यातून खाकी कापड मिळालं, आणि तू ते उंबऱ्याच्या आत येऊ देईनास. आबा म्हणाले, "म्या इकत कुठं घेतोय? ती देत्यात." तू म्हणालीस, "ती देत्यात आन तुमी घेताच की." आबा तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, आई, घेणं आणि विकत घेणं यात फरक आहे. त्यावर तू मला जे ऐकवलंस ते अजून माझ्या कानात आहे. "देवाम्होरं बोलल्याली भाषा. आता त्यात फाटं फोडायचं ते वकिलानं. तू मास्तरीण व्हायची हाईस." ते खाकी कापड वर्षभर आबांच्या जोडीदाराच्या घरी भवानीनगरला पडून राहिलं. आबा जुन्या पँटला ढुंगणावर ठिगळ लावून कामाला जायचे आणि येता-जाता देवाऱ्याकडे बघून म्हणायचे, "देवा, तुला तरी पटतंय का ह्ये?" आम्ही तिघंही हसायचो. गंमत वाटायची. तुझी दोन लुगडी होती, दोन्ही मधोमध विरली होती. विरलेला भाग कापून चांगली टोकं एकमेकांना शिवायची, त्याला तू दंड घालणं म्हणायचीस. दंड घातलेलं लुगडं चालताना पायात अडकायचं आणि तू त्याच्यावरच चिडायचीस. मला दोन ड्रेस, एक अंगावर आणि एक दोरीवर. बारामतीच्या कॉलेजात मुलींनी मला 'सोम-मंगळ' नाव ठेवलं होतं. ते मी तुला कधी सांगितलं नाही.

मग भाऊबीज आली. मामा दर वर्षी यायचा, तसा आला. त्या वर्षी त्यानं जळोचीचं रस्त्याकडचं, त्याच्या एकट्याच्या नावावरचं रान प्लॉट पाडून विकलं होतं. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, हातात नवं घड्याळ. तू पाट मांडलास, ओवाळलंस, आणि मामानं पिशवीतून डाळिंबी रंगाची नऊवारी काढून तबकात ठेवली. चांगली जरीच्या काठाची. तुझ्या लग्नातही इतकं भारी लुगडं तुझ्या अंगाला लागलं नव्हतं. मामा म्हणाला, "घे." एवढंच म्हणाला, आणि तुझा हात तबकापाशीच थांबला. मी चुलीजवळ बसले होते, मला तुझं तोंड दिसत होतं. तू आधी देवाऱ्याकडे बघितलंस, मग आबांकडे. आबा म्हणाले, "आगं, ओवाळणी हाय ती. घे की." तू हळूच म्हणालीस, "दादा, औंदा नगं. पुढल्या वर्साला घीन, ह्येच घीन. तवर तुज्यापाशी राहू दे." मामाला आधी थट्टा वाटली. तो हसला. मग विचारलं, "का गं? हलकं वाटलं का?" तू नुसती मान हलवलीस. "मग काय झालं?" तू तबकातली वात सारखी करत राहिलीस. आबा खाली मान घालून जमिनीवर रेघा ओढत होते. मामानं लुगडं परत पिशवीत घातलं, न जेवता उठला, आणि तू त्याच्यामागं फाट्यापर्यंत चालत गेलीस. तिथंही तू त्याला काही सांगितलं नसणार, कारण परत आलीस तेव्हा मी विचारलं तर तू माझ्यावरच फणकारलीस. "काय सांगू? पोरीच्या शाळंसाठी आमी कापड सोडलंय म्हणून? तो उद्याच्याला पैसं घिऊन दारात हुबा ऱ्हाईल. मग तुज्या आबानं माज्या माहेरात तोंड कसं दावायचं?"

आपल्याकडे बहीण भावाला जमीन सोडते आणि भाऊ जन्मभर तिची साडीचोळी करतो. हा करार कुणी लिहिलेला नाही, पण मोडला की सगळ्यांना कळतो. ज्या वर्षी भावानं जमीन विकली त्याच वर्षी बहिणीनं लुगडं परत केलं, याचा अर्थ कुणालाही एकच लागेल. तो आपल्याला लागला नाही. पंधरा दिवसांनी भवानीनगरच्या बाजारात जळोचीची एक बाई तुला म्हणाली, "वन्सं, तुमास्नी वाटा पायजे म्हनं?" तू घरी येऊन हे सांगितलंस तेव्हा आधी हसत होतीस. "मला वाटा! मी काय करू वाट्याला?" म्हणता म्हणता तुझा आवाज फाटला. तू कुणाकुणापाशी निरोप पाठवलास, की दादाला म्हणावं कागद आण, आत्ता अंगठा देते. कागद घेऊन कुणी आलं नाही. मामाही तुझाच भाऊ, तोही तसाच हट्टी. आबा म्हणाले, मी जातो, काय आहे ते सांगून येतो. तू त्यांना भंडाऱ्याची शपथ घातलीस. मी तुला म्हणाले, आई, देव काय एवढा अडाणी आहे का?  इतकी बोलकी बाई तू, त्या हिवाळ्यात दिवसदिवस बोलत नव्हतीस.

फाल्गुनात मामाच्या मुलीचं लग्न निघालं. तू नवरीची एकुलती एक आत्या. पत्रिका पोस्टानं आली. नुसत्या पत्रिकेवर लेक जात नाही, माहेरचं माणूस मूळ म्हणून न्यायला यावं लागतं, हे तूच मला शिकवलं होतंस. लग्नाच्या आदल्या दिवशी तू दंडाचं लुगडं धुऊन, तांब्यात निखारे घालून तो त्याच्यावर फिरवलास. दुसऱ्या दिवशी पहाटे आंघोळ करून दारात बसलीस. मला बारावीची परीक्षा होती, मी पुस्तक घेऊन ओसरीवर. आठची एसटी गेली. "येळ झाला आसंल, कार्याचं घर हाय," तू म्हणालीस. दहाची गेली. आबा म्हणाले, "ऊठ, आपून जाऊ. तुज्या भावाचं घर हाय ते." तू म्हणालीस, "मूळ यिऊ द्या." बाराला अक्षता होत्या. बारा वाजून गेल्यावर तू मूठभर तांदूळ घेतलेस, जळोचीच्या दिशेला अंगणात टाकलेस, आणि आत जाऊन लुगडं बदललंस. कोंबड्यांनी ते तांदूळ टिपले. मी बघत होते आणि मला काहीही करता येत नव्हतं. निदान तेव्हा तसं वाटत होतं.

वर्ष संपलं, मी डी.एड.ला गेले. तू आणि आबांनी मला एसटीत बसवलं. पुढच्या भाऊबीजेला तू पाट मांडून ठेवलास आणि दिवस मावळेपर्यंत कुणी आलं नाही, तेव्हा अंगणात जाऊन चंद्राला ओवाळलंस, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तशी. मी सुट्टीला घरी आले होते. मी म्हणाले, आता वर्ष संपलंय, आता तरी सांगू या ना त्याला. तू म्हणालीस, "आता सांगिटलं तर सारवासारव वाटंल." तसंच राहिलं. मला नोकरी लागली. पहिल्या पगाराची साडी तुला आणली तर तू ती नेसून गावभर मिरवलीस आणि मला खूप बरं वाटलं. त्यानंतर चारच वर्षांत तू गेलीस. सवाष्ण गेलीस, म्हणून माहेरचं लुगडं लागतं. मामा धावत आला. त्यानं तुझ्यावर लुगडं घातलं, आणि या वेळी तुला नको म्हणता आलं नाही. ते कोणत्या रंगाचं होतं ते मी बघितलं नाही. मला बघवलं नाही.

हा कागद मी कुठल्या टपालपेटीत टाकणार? म्हणून तर पुढचं लिहून टाकते. मूळ का आलं नाही, ते मला ठाऊक होतं. लग्नाच्या महिनाभर आधी मामा मला बारामतीच्या एसटी स्टँडवर भेटला होता. लग्नाचा बस्ता बांधायला आला होता. त्यानं मला रसवंतीत नेलं, बाकड्यावर बसवलं, आणि म्हणाला, "तुज्या आईबिगर बस्ता घरला न्यायचा म्हंजी माजा पाय उचलत न्हाय. आत्ता जीप घिऊन सणसरला येतो. फकस्त एवढं सांग, तिच्या मनात जमिनीचं हाय का?" त्याचे डोळे भरले होते. आजवर मी स्वतःला सांगत आले की शेजारी कॉलेजच्या मुली बसल्या होत्या, गरिबी सांगायची लाज वाटली. खोटं आहे ते. शेजारी कुणी नव्हतं. समोरच्या दुकानातून कापडाचे गठ्ठे त्याच्या जीपमध्ये चढत होते, आणि माझ्या मनात आलं, एक गुंठा दिला यानं तर काय बिघडेल? भीती वाटली तर देईलही. माझी दोन वर्षं निघतील, तुझी ठिगळं थांबतील. मी म्हणाले, "आसंल." मामानं उठून रसाचे पैसे दिले. मग त्यानं माझ्यासाठी मागवलेला रस आला, आणि मी तो सगळा प्यायले.